खुर्चीचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. मला ती विसरायची फार इच्छा आहे, पण दरवर्षी पोळा येतो आणि आमच्या सौभाग्यवती पुरण ढवळता ढवळता विचारतात, "काय हो, यंदा भजनाला नाही जायचं?"

तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. नाव कोणाचंच घेणार नाही. माझं तर मुळीच नाही.

निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना माझी बदली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. मी मूळचा कोल्हापूरकडचा. हुद्दा पोलीस निरीक्षकाचा, पण तिकडे निरीक्षक कोणी म्हणत नाही, ठाणेदार म्हणतात. ठाणेदार म्हटलं की छाती दोन इंच पुढे येते. माझीही आली. पुढच्या सगळ्या चुका त्या दोन इंचांतच झाल्या.

रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. एका खबऱ्यानं सांगितलं की कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात रोज दुपारी पत्त्यांचा जुगार चालतो. नव्या ठाणेदाराला एवढं पुरे असतं. दोन शिपाई घेऊन मी स्वतः गेलो. दार ढकललं तर आत आठ-दहा माणसं जाड गादीवर मांडी घालून भजन म्हणत होती. टाळ होते, पेटी होती. मी वरमलो. बूट काढले, बसलो. कोणीतरी माझ्याही हातात टाळ दिले. पाऊण तास आम्ही एकच ओळ म्हणत होतो, कारण दुसरी कोणालाच येत नव्हती. भक्ती फार गाढ असावी असं मला वाटलं. मग शेजारच्या हॉटेलातून द्रोणात शिरा आला. प्रसाद हॉटेलातून का येतो, हा प्रश्न तीस वर्षं तपासकामात घालवलेल्या माणसाला पडला नाही. उरलेला शिरा मी गाडीत ठेवून घरी नेला. बायकोला आवडला. दुसऱ्या दिवशी खबऱ्याला बोलावून चांगलं झापलं, आणि स्टेशन डायरीत नोंद करवली, 'धार्मिक कार्यक्रमास सदिच्छा भेट.'

ती नोंद लिहिली आमच्या लेखनिक हवालदारानं. हा माणूस पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून त्याची ओळख करून देतो. मोत्यासारखं अक्षर, चेहरा देवळातल्या कासवासारखा निर्विकार, बोली पक्की वऱ्हाडी. सकाळी तालुक्याच्या मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींकडून धावण्याचा सराव करून घ्यायचा, आणि दहाच्या ठोक्याला ठाण्यात येऊन डायरी उघडायचा. नोंद लिहिताना त्यानं एकदाच मान वर केली.

"साहेब, 'सदिच्छा'च लिवू ना?"

"मग काय लिहिणार?"

"नाई, नाई. बराबर हाये."

पंधरा दिवसांनी पोळा आला. आमच्याकडे बेंदूर असतो. बैल रंगवतात, मिरवतात, पोळ्या खातात. तिकडे एक जास्तीची गोष्ट आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की तोरण तुटायच्या आधी शेतकरी पुढे येऊन झडत्या म्हणतात. आमच्या खात्यातली झडती वेगळी, ही वेगळी. ही म्हणजे चार-सहा ओळींचं गाणं म्हणा, टोमणा म्हणा. सरपंच, पाटील, आमदार, सावकार, कोणाचीही खोड काढायची, शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' म्हणायचं, आणि ज्याच्यावर झडती झाली त्यानं रागवायचं नाही. मी बंदोबस्ताला उभा होतो. हवालदार शेजारी. एक जण बैलाच्या कासऱ्याला धरून पुढे आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"ठाणेदार आले धाडीले, पत्ते गेले गादीत,
टाळ कुटून परत गेले, परसाद घेऊन गाडीत!
हर बोला, हर हर महादेव!"

मैदान फुटलं हसून. लोक माझ्याकडे बघत होते. मी हवालदाराकडे बघितलं.

तो समोर बघतच म्हणाला, "जुनी हाये साहेब. आधीच्या साहेबावरची."

मग काय, मीही हसलो. चांगला पोट धरून हसलो, टाळ्या वाजवल्या, त्या शेतकऱ्याला जवळ बोलावून पाठ थोपटली. आधीचा ठाणेदार काय बावळट होता, असं घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. वाचकांना जे एव्हाना कळलं आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं. बूट काढून केलेल्या भेटीला कोणी धाड म्हणेल, हे डोक्यातच आलं नाही.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी गावातल्या महाविद्यालयाच्या संस्थेचे सचिव माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पांढरे कपडे, कपाळावर आठ्या, हातात टाइप केलेला अर्ज. महाविद्यालयात पारंपरिक दिन झाला होता. पोरांनी लाकडी नंदी आणले होते, आणि बीएच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी नंदीपुढे उभी राहून झडती म्हणाली होती. तसं मुलींनी झडती म्हणायची पद्धत नव्हती. सचिवांनी मोबाइलवर चित्रफीत दाखवली. मुलगी सडपातळ, वेणी घट्ट, आवाज परेडला शोभेल असा.

"अभ्यासिकेले कुलूप हाये, चाबी सचिवाच्या खिशात,
पुस्तकं वाचते वाळवी, अन् पोट्टे बसते उनात!
निवडणूक मांगली त म्हणते, या पुढच्या सालाले,
बोलाले गेलो त कुलूप ठोकलं आमच्याबी गालाले!
लाकडाचा नंदी, लाकडाचे पाय,
सांगा, खुर्चीले करवत लावू काय?
हर बोला, हर हर महादेव!"

"पाहिलं?" सचिव म्हणाले. "आवारात घोषणा, फलक, भाषण यांना पूर्वपरवानगी लागते. तसा बोर्ड लावला आहे मी. ही विनापरवाना राजकीय भाषण करते, माझी बदनामी करते, वर धमकी! करवत! ठाणेदारसाहेब, आज करवत खुर्चीला आहे, उद्या कुठे असेल?"

ठाणेदारसाहेब म्हटल्यावर छाती पुढे आलीच. मी म्हणालो, "निश्चिंत राहा. मुळापर्यंत जातो."

बदनामी हा अदखलपात्र मामला, हे मला माहीत होतं. पण धमकी, कट, बाहेरची शक्ती असं काही निघालं तर गोष्ट वेगळी. म्हणून मी काय केलं? लिहायला लाज वाटते, पण मी दोन पंच घेऊन महाविद्यालयात गेलो आणि सचिवांच्या खुर्चीचा घटनास्थळ पंचनामा केला. टेप लावून पाय मोजले. भिंगातून पाहिलं. हवालदार गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता. 'खुर्ची सागवानी. चारही पाय शाबूत. करवतीची खूण दिसून येत नाही. डावा मागील पाय किंचित आखूड, त्याखाली टेकण म्हणून घडी घातलेला कागद.' पंचांपैकी एक जण सही करताना इतका खोकत होता की मी त्याला पाणी मागवलं. तो खोकला नव्हता, हे नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी तो झापलेला खबऱ्या बाजारात भेटला. तोंड फिरवूनच बोलला. "साहेब, पोरगी निस्ती म्हणते. लिवून देणारा येगळा हाये."

माझे कान टवकारले. "कोण?"

"गावात सगळ्याइले मालूम हाये."

"अरे पण कोण?"

"थे मी नाई सांगत. मांगच्या खेपेले सांगतलं, त तुमी भजनाले बसले."

म्हणजे सूत्रधार होता! बाहेरची शक्ती होती! पुढचे चार दिवस मी त्या सूत्रधारामागे लागलो. झेरॉक्सवाला, बुकस्टॉलवाला, दोन प्राध्यापक, सगळ्यांना विचारलं. सगळे माझ्याकडे अशा प्रेमानं बघायचे की मला वाटायचं, गाव फार सहकार्य करतंय. रोज संध्याकाळी मी येरझाऱ्या घालत सांगायचो आणि हवालदार त्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवायचा. 'सूत्रधार चतुर असून स्थानिक बोलीचा जाणकार दिसतो. त्याचा शोध सुरू आहे.' एकदा त्यानं 'चतुर' शब्दाखाली हळूच रेघ ओढली. मला वाटलं, कामात रस घेतोय.

पाचव्या दिवशी मुलीला चौकशीला बोलावलं. सोबत आई आली होती. शेतातून थेट आलेली बाई, पदराला कापसाची पाती अडकलेली. महिला शिपाई बाजूला, हवालदार जबाब लिहायला. मी काही विचारायच्या आधीच आई बोलली.

"साहेब, माही पोरगी खुर्ची कायले कापन? घरी कांदा काप म्हणलं त दहा डाव हाका मारा लागते."

"मावशी, तुम्ही बसा." मी मुलीकडे वळलो. "झडती तू म्हणालीस?"

"हो सर."

"परवानगी घेतली होतीस?"

"नंदी आणायची होती सर. नंदीसमोर गप्प उभं राहायचं असं सूचनेत नव्हतं."

महिला शिपायानं खिडकीबाहेर बघितलं. मी आवाज चढवला. "भाषणाला परवानगी लागते, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे ना सर. म्हणून तर मागितली. अभ्यासिका उघडा आणि विद्यार्थी परिषदेची निवडणूक घ्या, एवढं बोलायला सभा पाहिजे होती. आठ अर्ज दिले, सर. एकाचंही उत्तर नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं."

ती ठाण्यात आहे म्हणून पुस्तकी बोलत होती, पण डरत नव्हती. मग मी माझं हत्यार काढलं. तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी झाली होती, लेखी झाली होती, यादीत नाव लागलं होतं. आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती, आणि ती माझ्याच टेबलावरून जाणार होती.

"गुन्हा दाखल झाला तर काय होईल कळतं का तुला? वर्दी विसर. झडती लिहून देणाऱ्याचं नाव सांग, तुझं बघतो मी."

आईचा चेहरा उतरला. मुलगी क्षणभर खाली बघत राहिली. पहाटे उठून दोन वर्षं धावलेल्या पायांकडे बघत असावी. मग मान वर केली आणि पुस्तकी बोलणं सोडून दिलं.

"नाव नाई सांगत, सर. मी म्हणलं, त माहं हाये. तुमाले लिवाचं थे लिवा. फक्त एक सांगा. पोळ्याच्या मैदानात तुमी काहून हसले होते?"

"कधी?"

"ठाणेदारावरच्या झडतीले. टाळ्या वाजवल्या, पाठ थोपटली. त्याच्यावर नाई केला गुन्हा. आमच्या सचिवावर म्हणलं त खुर्ची मोजली."

"ती वेगळी गोष्ट," मी म्हणालो. "ती जुनी होती. आधीच्या ठाणेदारावरची."

महिला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मुलीची आई माझ्याकडे अतिशय दयेनं बघत होती. हवालदारानं पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं, आणि उठून सावधान उभा राहिला.

"साहेब, आधीचे साहेब भजनाले गेलते नाई."

"मग?"

"तुमी गेलते."

गादी आठवली. इतकी जाड गादी. एकच ओळ आठवली. शिरा आठवला. बायकोनं बोटं चाटून खाल्ला होता. कान गरम झाले आणि छाती जी आत गेली, ती दोनाची चार इंच आत गेली.

"म्हणजे ते... जुगार?"

"बावन पत्ते होते साहेब, तुमी बसले त्याच्याच खाली."

"आणि ती झडती कोणी लिहिली?"

"मीच."

"आणि हिची?"

"तेबी मीच. मैदानावर धावताना पोरगी म्हणली, काका, बोलाचं हाये पण तोंडाले कुलूप लावलं. मी म्हणलं, नंदीपुढं कुलूप चालत नाई. साहेब, माह्यावर काय कारवाई कराची थे करा. पोरीची वर्दी जाऊ देऊ नका."

म्हणजे चार दिवस मी सूत्रधाराला सूत्रधाराचं वर्णन सांगत होतो, आणि तो ते शुद्धलेखनासकट उतरवत होता.

रागवायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण पोळ्याच्या मैदानावर माझ्यावरचीच झडती ऐकून मी पोट धरून हसलो होतो. तेव्हा कोणाचं काय बिघडलं होतं? सूर्य मावळला, बैल घरी गेले, ठाणं जागेवर होतं. फरक एवढाच की तेव्हा मला ती दुसऱ्यावरची वाटली होती. आधी मला हसू फुटलं. मग आईला, मग सगळ्यांनाच. फक्त हवालदार हसला नाही. तो सावधानच होता.

"बसा," मी म्हणालो. "आणि पेन काढा. मुली, ते आठ अर्ज म्हणालीस, ते कशावर लिहिले होते?"

"निळ्या रेघांच्या फुलस्केपवर."

पंचनाम्यातली ओळ डोळ्यांपुढे आली. डाव्या मागच्या पायाखालचा घडी घातलेला कागद. त्याच्या कडेला निळी रेघ होती. भिंगातून करवत शोधणाऱ्या माणसानं ती पाहिली होती, पण उलगडून पाहिली नव्हती.

तेच दोन पंच घेऊन मी पुन्हा महाविद्यालयात गेलो. सचिव खुर्चीत बसले होते. त्यांना उठायची विनंती केली, वाकलो, कागद काढला आणि पंचांसमोर उलगडला. एक नव्हता, एकात एक घातलेले तीन होते. 'विषय: सभेस परवानगी मिळणेबाबत.' खाली मुलामुलींच्या सह्या. अक्षरावर खुर्चीच्या पायाचा गोल ठसा.

सचिवांनी तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले. "शिपायानं घातले असतील," ते म्हणाले. आणि ते खरंही असेल. मग स्वतःच हळू म्हणाले, "पण मी वाचले नाहीत, हेही खरं."

"साहेब, गुन्हा लिहायचा तर झडतीतली प्रत्येक ओळ तपासावी लागेल," मी म्हणालो. "अभ्यासिकेची चावी?"

त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. गेला आणि तिथेच थांबला. तो खोकणारा पंच पुन्हा खोकायला लागला.

"खुर्चीला करवतीची खूण नाही, हे मी लिहिलंच आहे," मी म्हणालो. "आता उरलेलंही लिहू का?"

सचिव खुर्चीत बसले. टेकण काढल्यामुळे ती एका अंगाला कलली. ते टेबलाला धरून सावरले, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदाच सुटल्या.

"करवत न लावताच हलते की हो," म्हणाले. माणूस वाईट नव्हता. बोर्ड लावला की शांतता होते, असं त्यांना वाटत होतं इतकंच. मलाही तीस वर्षं तसंच वाटत होतं.

अर्ज त्यांनी मागे घेतला. अभ्यासिकेच्या कुलपाला इतका गंज होता की चावी असूनही ते तोडावं लागलं. पोरांची सभा झाली. मी बंदोबस्त ठेवला नाही, नुसता जाऊन मागे बसलो. निवडणूक त्या वर्षीही झाली नाही, पण का नाही हे सचिवांना माइकसमोर उभं राहून सांगावं लागलं, आणि पोरांनी मधेमधे टोकलं तेव्हा ऐकावंही लागलं. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वेळी झडतीच्या आधी निदान सांगत जा." मुलगी जागेवरून म्हणाली, "सर, सांगून म्हणली त थे भाषण होते." सगळ्यात मोठ्यानं सचिवच हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिनिंगच्या गोदामात गेलो. बूट काढले नाहीत. मंडळी टाळ घेऊन तयारच होती. मी म्हटलं, "पुढची ओळ म्हणा." एकालाही येईना. गादी उचलली. बावन्नच्या बावन्न पत्ते सापडले. खबऱ्याची मी माफी मागितली. त्यानं ती घेतली, पण सावकाश.

चारित्र्य पडताळणीचा कागद आला तेव्हा मी हवालदारालाच लिहायला लावला. 'सदर उमेदवाराविरुद्ध या ठाण्यास काहीही प्रतिकूल आढळून आले नाही.' त्यानं मान वर केली. "झडत्या म्हणते, हे लिवा लागन का साहेब?"

"प्रतिकूल रकान्यात नको," मी म्हणालो. "दुसरा रकाना असेल तर बघा." रकाना नव्हता.

या प्रकरणातून मी काय शिकलो? तपासाच्या पुस्तकात खबरे जोडायला सांगतात. मी आयुष्यभर जोडले. पण माझ्या ठाण्याच्या हद्दीत जुगार कुठे चालतो आणि ठाणेदार किती बावळट आहे, या दोन्ही गोष्टी मला एका शेतकऱ्यानं भर मैदानात, फुकट, चालीत सांगितल्या होत्या. मी टाळ्या वाजवून घरी गेलो. लोक तोंडावर बोलतात तोवर पोलिसांचं काम निम्मं झालेलं असतं. काळजी करायची ती सगळे एकच ओळ गात बसतात तेव्हा. त्यानंतर कुठल्याही महाविद्यालयातून घोषणांची तक्रार आली की मी आधी विचारायचो, "पोरं काय म्हणाली?" आणि मग, "त्यातलं खरं किती?" अर्धे तक्रारदार दुसऱ्या प्रश्नाला चहा न पिताच उठायचे.

हवालदारावर मी काय कारवाई केली, असं काही जण विचारतात. पुढच्या पोळ्याला मी त्याला सुट्टी दिली आणि म्हटलं, या वेळी स्वतः म्हणा. तो म्हणाला. काय म्हणाला ते लिहीत नाही; निवृत्त माणसालाही थोडी अब्रू असते.

मुलगी आज वणीकडे नोकरीला आहे. गेल्या पोळ्याला संध्याकाळी तिचा फोन आला. पाठीमागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, भोंग्याचा आवाज.

"सर, बंदोबस्तावर हाये. आत्ताच आमच्या साहेबावर झडती झाली. लय कडक."

मी घाईनं विचारलं, "रागावले का गं?"

"नाई ना सर. खो खो हसून राह्यले. त्याइले वाटते, आधीच्या साहेबावर हाये."

"मग? तू सांगितलंस?"

"काय करू सर? सांगू?"

स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता, आणि दारात उभं राहून कोणीतरी माझं बोलणं ऐकत होतं.

"थांब जरा," मी म्हटलं. "त्यांना आधी एखादी खुर्ची मोजू दे."